तात्यांची खातरजमा

‘सुरक्षित’ हा शब्द तात्यांच्या टेबलावरून विनाचौकशी कधी पुढे गेला नाही. नंदुरबारच्या आमच्या दैनिकात ते मुद्रितशोधक होते. बातमीत तो शब्द दिसला की त्यांची पेन्सिल थांबायची, चष्मा कपाळावर जायचा आणि प्रश्न यायचा, “कोनी देखं?” प्रशासनाने कळवलं आहे, असं वार्ताहर म्हणाला तर ते म्हणत, “सांगं ते ठीक. देखं कोनी?”

लिहिताना काटेकोर प्रमाण मराठी, बोलताना निव्वळ अहिराणी. तापीकाठच्या शेतकरी घरातल्या या माणसाला शब्दांची कुळी शोधायचा नाद होता. ‘बंदोबस्त’ फारसीतला, म्हणजे मुळात बांधणं आणि आवळणं. ‘सलामत’ अरबीतला, म्हणजे धड असणं. ‘सुरक्षा’ संस्कृतातल्या ‘रक्ष्’ धातूची, आणि त्याच धातूतून आपलं ‘राखणं’ आलं, ज्वारीच्या शेतात माचावर बसणारा राखणदार आला. “शब्द मोठा व्हयना म्हणीसन राखनारा लागत नही का?” ते विचारत. “पयले तो दखाड, मंग लिख.”

नव्या पोरांनी त्यांचं नाव ‘खातरजमा’ ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट शब्द सोडवून दाखवला. “खातर म्हणजे मन. जमा म्हणजे गोळा. इखरेल मन एक जागावर येस, ती खातरजमा. शिक्का मारा म्हणजे नही.”

एका बाजाराच्या दिवशी दुपारी डोंगरातल्या मोलगीहून निघालेली जीप घाटात कलंडली. थोड्याच वेळात मोबाइलवर प्रशासनाचा संदेश आला : नऊही प्रवासी सुरक्षित. इतर बातमीदारांनी तो पुढे पाठवला. आमची बातमी तात्यांपुढे अडली.

“तात्या, साऱ्या जिल्ह्याला कळलं. आपणच मागे राहायचं का?” संपादक चिडून म्हणाले.

“साहेब, मोलगीना बाजारनी जीप शे ती,” तात्या म्हणाले. “तिन्हामा नऊच बसतीन का? मांगे लटकेल माणसं कोनी मोज्यात?”

जीपमधल्या जागा नऊ होत्या. बाहेर काढलेली माणसंही नऊ भरली, म्हणून मोजणाऱ्यांना शंका आली नव्हती. तात्यांनी मोलगीच्या चहावाल्याला फोन लावला. जीप त्याच्या दुकानासमोरूनच भरली होती. मागच्या पायरीवर कोण होतं, एवढंच त्यांनी विचारलं. चहावाला म्हणाला, “दित्याबाबा होता. कोंबडी घेऊन चढला होता.”

काढलेल्या नऊ नावांत दित्याबाबाचं नाव नव्हतं. चहावाल्याने चार माणसं घेऊन घाट गाठला. जीप पडली त्याच्या बऱ्याच वर, वळणाखालच्या झुडपांत म्हातारा सापडला. पाय मोडलेला होता, शुद्ध होती. आमची बातमी उशिरा लागली. तिच्यात दहा प्रवासी होते आणि ‘सुरक्षित’ हा शब्द नव्हता.

दोन महिन्यांनी वार्ताहराने लिहून आणलं : दित्याबाबा सुखरूप घरी. तात्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून म्हाताऱ्याचं गाव गाठलं. तीस वर्षांत बातमीसाठी ते कार्यालयाबाहेर पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी दोन ओळींची बातमी दिली, खाली स्वतःचं नाव न घालता. महिनाअखेरीस ते निवृत्त झाले. मागच्या उन्हाळ्यात गेले.

त्या दिवशी डोंगरात काय झालं ते आम्हाला त्यांना परत आणणाऱ्या जीपवाल्याकडून कळलं. तात्यांनी म्हाताऱ्याला अंगणात काठी टेकत चालताना पाहिलं, चहा घेतला आणि निघाले. म्हाताऱ्याला पावरी बोली येत होती, मराठी मोजकीच. तरी तो लंगडत त्यांच्याबरोबर जीपच्या थांब्यापर्यंत आला. गाडी भरली होती. तात्या मागच्या पायरीकडे वळले तेव्हा त्याने त्यांचा दंड धरला. “माघं नको,” तो म्हणाला, “मधी बस.” आत बसलेल्या एका तरुणाला त्याने काठीने ढोसून खाली उतरवलं आणि तात्यांना त्याच्या जागी बसवलं.

जीप खालच्या वळणाला लागली तेव्हा तात्यांनी मागे वळून पाहिलं. म्हातारा तिथेच काठीवर रेलून उभा होता.