दिलेला येळ

शुक्रवारी दुपारी शिवकांता डबा घेऊन कोचिंगच्या हापिसात गेली, तवा बसवंतच्या कंप्युटरचा पडदा वरपासून खालपस्तोर लाल झाला व्हता. जिकडं बघावं तिकडं लाल रेघा. शेजारी मिहिर डोक्याला हात लावून बसलेला. ह्यो मिहिर भोकरचा, बसवंतच्या हाताखाली शिकायलाय.

"अण्णा, काय करून राहिले तुम्ही? सकाळी चालू व्हता पेपरचा पोग्राम. आता सुरू बी होऊन न्हाई राहिला. परवा पेपर हाय!"

आन् बसवंत हसायलाय. खुर्ची मागं ढकलून, सोयाबीनला चढा भाव लागलेल्या मानसावानी हसायलाय.

"अरे, ह्या चुका काय आज झाल्यात व्हय? पहिल्यापासूनच्या हायत. आजपस्तोर गप दडून बसल्या व्हत्या. आज मी त्येंची हजेरी घेतली."

"सोमवारी घ्यायची ना मग हजेरी."

"सोमवारी कशाला, तुझ्या लग्नात घेऊ की मांडवात."

शिवकांतानं डबा टेबलावर आदळला. "आदी जेव. मग हस." ती त्येची थोरली बहीन. चौथी शिकलेली. पर घरात तिचं म्हननं शेवटचं.

जेवता जेवता त्येनं एकेक रेघ मिहिरला दावली. हितं बघ, पेपरचा येळ मिनिटात हाय आन् सुट्टीचा येळ सेकंदात, आन् कुनीतरी दोन्हीची खुशाल बेरीज केली. हितं बघ, सकाळचे दहा वाजले आन् दुपारचा एक वाजला ह्येची बेरीज. दहा वाजले अधिक एक वाजला म्हंजी काय वाजलं रे? मिहिरला बी हसू आलं. मग दोघं बी कामाला लागले.

दिवेलागनीच्या आत शेवटची रेघ गेली. बसवंतनं अक्काला फोन लावला. "झालं गं अक्का. आता परवा बघ. येताना काय आनू?"

"दही आन."

डेरीम्होरं त्येनं गाडी लावली. दही सांगितलं. मग दुकानाच्या पायरीवर बसला आन् पानी मागितलं. पानी यायच्या आतच कलंडला. दवाखान्यात नेलं, डाक्टरनं मान हलवली. चाळिशी बी गाठली नव्हती पोरानं.

आता ह्यो बसवंत कोन, ते सांगाय पायजे.

घर मूळचं किल्लारीचं. भूकंप झाला तवा तो दुसरीत. गनपती बुडवून गाव निजलं व्हतं आन् माळवद अंगावर आलं. बाप, म्हंजी अप्पा, गेले. बसवंत ज्वारीच्या कनगीच्या आडोशाला अडकला, म्हनून वाचला. शिवकांतानं हातानं दगड उचलले, बोटं सोलली, हाका मारल्या, मग गल्लीतली मानसं धावली तवा तो निघाला. मागून साहेब लोक पत्र्याच्या शेडात इचाराय आले. भूकंप कवा झाला? ते सगळ्या गावाला ठावं. पोरगं किती येळ खाली व्हतं? आई, म्हंजी अव्वा, म्हनली, "दोन." साहेब म्हनला, "दोन काय, बाई?" अव्वाला सांगता येईना. चुलता म्हनला घंटे, कुनी म्हनलं घटका. शिवकांता म्हनली, लई येळ. बसवंत म्हनला, उलसाच. आन् घड्याळ तर भिताडाखाली गेलेलं.

पोरगं तवापासून ते धरून बसलं. कवा आन् किती येळ, ह्या दोन निराळ्या गोष्टी हायत. एक सांगता आली म्हनून दुसरी सांगता येतीच असं न्हाई.

पत्र्याच्या शेडात वाढला, नव्या किल्लारीत दहावी झाला. मग सगळ्यांची पोरं जात्यात तसा लातूरला, सायन्सला. डाक्टर व्हायला निघाला व्हता, नंबर लागला न्हाई. रडला न्हाई. कंप्युटरला गेला. पुन्याला नोकरी केली, आन् शिवकांतानं लातुरात मेस काढल्यावर परत आला. ती नांदाय गेली व्हती, परत आली, ते एक निराळंच. मेस मातर झ्याक चालली. लातुरात तवा गल्लीगल्लीत होस्टेल, गल्लीगल्लीत अभ्यासिका. परभनी, बीड, नांदेडची पोरं टरंक घेऊन उतरायची, आन् आईबाप फाटकाशी डोळं पुसत आपापल्या गावची बस धरायचे. शिवकांताच्या मेसला पोरी जेवायच्या. बसवंत रेणुकादास सरांच्या कोचिंगात लागला. पोरं कंप्युटरवर पेपर देत्यात, त्यो पोग्राम त्येच्याकडं.

लग्नाचं इचारलं की म्हनायचा, "दोन वर्सानं बघू." अव्वा म्हनायची, "हे दोन संपत कसं न्हाई रं तुझं?"

घरात त्येच्या ह्या येळाच्या नादापायी सगळी बेजार. शिवकांता चुलीम्होरून वरडायची, "बसवंता, अजून दोनानं गॅस बंद कर." तो तिथूनच, "दोन काय अक्का? मिनिटं का शिट्ट्या?"

"शिट्ट्या रे बाबा, शिट्ट्या. डाळीला कुनी मिनिटं लावतंय व्हय?"

"मग तसं बोल की. नुसत्या दोनाला मी काय करू?"

एकदा ती चिडून बोलली, "तुला एवढं शिकवून हेच शिकवलं का कोचिंगवाल्यांनी?" तवा त्येनं पाटावर बसून नीट सांगितलं. म्हनला, "अक्का, कंप्युटर लई आज्ञाधारक हाय, पर त्येला अक्कल न्हाई. त्येला तू नुसतं दोन दिलं तर तो दोन घेतो. शिट्ट्या का मिनिटं का वर्स, कायबी इचारत न्हाई. म्हनून मी येळाची येगळी जात करनार हाय. पोग्रामात येळ म्हनून नुसता आकडा चालनारच न्हाई. पंधरा मिनिटं म्हन, पंधरा सेकंद म्हन, घेतो. नुसतं पंधरा म्हनलीस तर सुरूच व्हायचा न्हाई. आन् वाजले किती ह्येची जात निराळी, उरला किती ह्येची निराळी. एकाच्या जागी दुसरं बसवाय गेलं की तिथंच लाल रेघ."

"म्हंजी माझ्या तुरडाळीच्या डब्यात हरभऱ्याची डाळ जातच न्हाई म्हन."

"डब्याचं झाकनच उघडत न्हाई."

"असा डबा मला बी आन मग," शिवकांता म्हनली. "त्या मल्लम्माच्या हातात देते." मल्लम्मा म्हंजी मेसची सैपाकीन. ती मीठ आन् साखर एकाच नजरंनं बघायची.

हे सगळं गमतीत चाललं व्हतं. मग दिवाळीच्या पेपरला गंमत ऱ्हायली न्हाई.

रेणुकादास सरांची एक सवय व्हती. घड्याळ दहा मिनिटं म्होरं. घरात बी, वर्गात बी, हातातलं बी. लातुरातली निम्मी घरं तशीच करत्यात म्हना, पोराची बस चुकू न्हाई म्हनून. सरांनी त्येच्या वरची पायरी गाठली. दुसऱ्या हॉलातल्या मोठ्या कंप्युटरचं बी घड्याळ त्येंनी म्होरं करून ठिवलं. कुनाला सांगितलं न्हाई. पोग्राम जुना, आदीच्या मानसानं केलेला. तो पेपर सुरू करायचा एका कंप्युटरच्या घड्याळावर आन् मिटवायचा दुसऱ्याच्या. त्या हॉलातल्या पोरींचा पेपर दहा मिनिटं आदी मिटला. हाताखालून ताट वढावं तसा.

त्यातल्या निम्म्या पोरी शिवकांताच्या मेसच्या. सांच्याला कुनी ताटाला हात लावंना. हुंदकं देत देत एक म्हनली, "मावशी, मला येत व्हतं ओ. शेवटचे चार येत व्हते." बसवंत दारात हुबा. त्येचं तोंड दही फासल्यावानी पांढरं झालं.

दुसऱ्या दिशी आईबापांनी हापिस डोक्यावर घेतलं. सर म्हनले, "माझ्या घड्याळामुळं पोरं घडली आहेत. घड्याळाला नावं ठेवायची नाहीत."

बसवंत म्हनला, "सर, घड्याळ तुमचं ऱ्हाऊ द्या म्होरं. मी त्येला हात बी लावत न्हाई. पर पोरीला दिलेला येळ घड्याळात नसतो. तो तिचा असतो. घड्याळ म्होरं गेलं, मागं गेलं, बंद पडलं, तरी तिचे तीन घंटे तीन घंटेच पायजेत."

"मग करून दाखव."

"दावतो. पर सगळा पोग्राम उसवावा लागंल."

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर वढून बघितलं. मानूस वाईट न्हाई, पर कोचिंगच्या बाजारात म्होरच्या गल्लीत दुसरा टपूनच असतो. म्हनले, "शिष्यवृत्तीचा पेपर आहे. जी मुलं वरती येतील त्यांची दोन वर्षांची फी माफ. त्याला जर एका मुलाची वेळेची तक्रार आली, तर परीक्षेचं काम पुण्याच्या कंपनीला देईन. आणि बसवंत, तुलाही मग दुसरं बघावं लागेल."

"एक बी तक्रार येनार न्हाई."

घरी येऊन हे सांगितलं तवा अव्वा घाबरली. शिवकांता घाबरली न्हाई. तिनं इचारलं, "येतंय ना तुला?"

"येतंय."

"मग जेव."

आन् त्येनं केलं. शुक्रवारी लाल रेघा निघाल्या, शुक्रवारीच मिटल्या. रविवार मातर त्येला बघाय मिळाला न्हाई.

शनिवारी नव्या किल्लारीत माती दिली. आपल्या लिंगायतांत जाळत न्हाईत. बसवून, कपाळाला विभूती लावून, बेल वाहून, स्वामींनी मंत्र म्हनले आन् खड्डा भरला. अव्वाला दोघींनी धरलं व्हतं. लातुराहून जीप भरून मानसं आली व्हती, सर बी आले व्हते, मिहिर बी.

माती दिल्यावर लिंबाच्या झाडाखाली सर मिहिरला बोलताना शिवकांताला ऐकू आलं.

"मिहिर, उद्या जुनाच प्रोग्राम चालव. घड्याळं मी सगळी सारखी करून घेतो. नव्यात काही अडलं तर आता विचारायचं कोणाला?"

शिवकांता तिथंच थांबली. पदर तोंडात धरून थांबली. जुना चालला तर बसवंतचं सगळं त्या खड्ड्यातच गेलं म्हनायचं.

मिहिरनं हाताची माती झटकली. मग म्हनला, "सर, जुन्यात अडलं तर पेपर मिटल्यावर कळतं. नव्यात अडलं तर सुरू व्हायच्या आदी कळतं. मी नवाच चालवतो."

"जिम्मा तुझा?"

"माझा."

सरांनी शिवकांताकडं बघितलं. तिनं मानेनंच हो म्हनलं. सरांनी हात जोडले आन् जीपकडं गेले.

रविवारी सांच्याला मिहिरचा फोन आला. शिवकांता किल्लारीलाच व्हती. तो फोनवर एका दमात बोलायलाय.

"अक्का, सकाळी सर म्हनले सूचना वाचायला जादाचे पाच द्या. मी घाईत नुसता पाच लिहिला. न्हाई घेतला. लाल! मी दोनदा दाबलं, तरी लाल. मग पाच मिनिटं लिहिलं, तवा घेतला. जुन्यात असता तर पाच सेकंद धरून गप बसला असता, कळलं बी नसतं. आन् मधात दुसऱ्या हॉलातली लाईट गेली. मी पळतच तिकडं गेलो. लाईट आली, पडदं चालू झालं, आन् ज्या पोरीचा जेवढा उरला व्हता तेवढाच उरलेला. एकीचा बी कमी न्हाई. सरांनी फिरून फिरून बघितला."

"सर काय म्हनले?"

"एक बी तक्रार न्हाई म्हनले. पुन्याच्या कंपनीचं नाव न्हाई काढलं."

शिवकांतानं फोन ठिवला आन् अव्वाला सांगितलं. अव्वा भिताडाकडं तोंड करून पडली व्हती, ती उठून बसली. पानी प्याली.

दिवस-कार्य उरकून शिवकांता लातूरला आली आन् मेसचं कुलूप काढलं. मल्लम्मा रडाय लागली तशी तिला म्हनली, "कनिक मळ आदी." सांच्याला पोरी आल्या. अवघडून बसल्या, ताटात बघून जेवाय लागल्या. 

शेवटी मनस्विनी म्हनून एक पोरगी हाय, बीडकडची, बडबडी, तिच्यानं ऱ्हावलं न्हाई. म्हनली, "मावशी, माझा काय नंबर लागत न्हाई शिष्यवृत्तीला."

"का गं? येळ पुरला न्हाई का?"

"न्हाई ओ, येळ लई व्हता. मलाच येत न्हवतं."

बाकीच्या पोरी फिसकन हसल्या आन् दचकून शिवकांताकडं बघाय लागल्या. शिवकांता बी हसली. हसता हसता डोळं पुसलं, आन् मनस्विनीच्या ताटात न इचारता भाकर वाढली.