टाकीतलं मडकं

दादा गेल्याचं मला फोनवर कळलं नाही. धायरीच्या घरात वर तो आणि वहिनी, खाली मी. वहिनींनी जिन्यातून हाक मारली, मी धावत वर गेलो, तोवर सगळं संपलं होतं... हृदयविकाराने कुणालाच काही करायची उसंत दिली नाही.

माझा हा थोरला भाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून त्याने आमच्या पाण्याच्या टाकीलाच हाताशी धरलं. पाणी टँकरचं, आणि त्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. गळ्याशी भोक पाडलेल्या मडक्यात तो वाळू आणि ब्लीचिंग पावडर कालवून भरायचा, तोंड बांधून मडकं दोरीने टाकीत सोडायचा. त्यातून क्लोरीन हळूहळू पाझरत राही. नाकाला पंचा गुंडाळून अंगणात बसलेल्या दादाला गल्लीतले लोक लांबूनच नमस्कार करत. मी मात्र रोज कुरकुरायचो, "अरे, चहाला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय!" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मग पोहून घे. नाहीतरी व्यायाम कुठे करतोस?"

तो गेल्यावर मडक्याची आठवण कुणालाच राहिली नाही. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. एका सकाळी वहिनींनी चहाला वर बोलावलं. पहिल्याच घोटाला माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! आज चहाला चहाची चव आहे!"

वहिनी कपाकडे बघत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "आता वास येत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ जाऊन महिना होत नाही आणि मी चहाचं कौतुक करतोय... त्या घोटाने मला खरंच बरं वाटलं होतं, आणि त्याचीच लाज अजून जात नाही. तडक खाली आलो आणि अंगणातल्या टाकीतून मडकं वर ओढलं. "ये, शीक," असं दादा कितीदा तरी म्हणाला होता, तेव्हा मी पेपर वाचत बसायचो. आता वाळू किती, पावडर किती, काही ठाऊक नव्हतं. अंदाजाने भरलं आणि टाकीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी नळ सोडताच नाक चुरचुरलं. वर गेलो तर वहिनी पाण्याचा पेला नाकाशी धरून उभ्या होत्या.

"जास्त झालं ना?"

"ह्यांचं इतकं कधी नसायचं."

"पिऊ नका. मी टाकी रिकामी करतो."

"नको, भाऊजी," पेला तसाच धरून त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत कमी होईलच की. आज राहू दे."