पोरीचा रोडगा

प्रताप नगरात आज कुठूनसा गोवऱ्यांचा धूर आला आणि मी मनाने थेट पारशिवनीजवळच्या नदीकाठी पोचले. तेव्हा पाच वर्षांची होते. निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे होते. मी वळलेला ओळखू यावा म्हणून त्यात गुपचूप खडा घातला. तो नेमका बाबांच्या ताटात गेला. कट्कन आवाज झाला.

"काय झालं जी?" आई घाबरली. मी रडकुंडीला आले.

बाबांनी मुठीत काहीतरी लपवलं. "काही नाही वं, पोरीचा रोडगा मले भेटला!"

सुटले, असं वाटून मी दिवसभर पाण्यात खेळले. बाबांच्या मुठीत दाताचा तुकडा होता, हे खूप उशिरा कळलं.

परवा डॉक्टर तो दात नीट करून देतो म्हणाले. बाबा हसले.

"राहू द्या जी. पोरीनं केलेली खूण आहे ती."