लाल दोऱ्याची गाठ

नव्या साडीच्या कांजीचा वास आला की पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीतली आमची खोली आठवते. पोलिओने एक पाय गेलेली माझी ताई तिथे भिंतीला टेकून दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापायची. कुठे छपाई हुकलेली दिसली की त्या साडीच्या पदराला ती लाल दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे ती डॅमेज म्हणून वेगळी निघायची. एका दुपारी माल न्यायला आलेल्या माणसाला आईने सहज विचारलं, ताईसाठी कुणी मुलगा आहे का ओळखीत. तो ताईच्या पायाकडे बघत म्हणाला, "मौसी, डॅमेज पीस कौन लेगा?" आणि मी, दहा वर्षांची, खुदकन हसले. मला तो खरंच विनोद वाटला. ताईने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तो टेम्पो बघायला खाली गेला तसा तिने डॅमेज साड्यांचा बांधलेला गठ्ठा सोडला आणि एकेक लाल गाठ कात्रीने कापून टाकली. "अगं, काम जाईल," आई म्हणाली. "जाऊ दे. नेसेल कुणीतरी," ताई म्हणाली. काम गेलंच. ताईला कुणी मागणी घातली नाही, आणि आता तीही नाही. मला वाटायचं, असं बोलणं निदान मागे पडलं. परवा माझा मुलगा वर्गातल्या कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलीला मित्राशी फोनवर बोलताना 'डॅमेज पीस' म्हणाला आणि खुदकन हसला. मी हात उगारला, पण तो तसाच राहिला. ते हसणं माझं होतं.