चीक घाटताना थांबू नये

नातवंडांनो, तुमच्यापैकी थोरलीने मला व्हिडिओ कॉलवर भावना आवरायची पद्धत शिकवली, ती मी मनापासून पाळायला घेतली. आधी जिथे असाल तिथे थांबायचं. मग भावनेला नेमकं नाव द्यायचं, ती शरीरात कुठे बसली आहे ते शोधायचं आणि शेवटी तिला काय हवं ते विचारायचं. मसाल्याच्या डब्यांवरही इंग्रजीत चिठ्ठ्या लावणारी बाई मी. मला हे आवडणारच.

त्याच सुमारास माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं की त्या आर्वी सोडून नागपूरला मुलाकडे राहायला जायचं म्हणतायत, गुडघे आता साथ देत नाहीत. आमची घरं लागून, मध्ये बुटकी भिंत. दोघींचे नवरे गेल्यापासून सकाळचा चहा आम्ही त्या भिंतीवरच पितो. मी थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "निर्णय योग्य आहे." पद्धत छान जमली असं वाटून स्वतःवर खूशही झाले.

त्यानंतर मात्र मला त्यांच्या प्रत्येक गोष्टीचा राग येऊ लागला. खोकल्याचासुद्धा. दर उन्हाळ्यात कुरडया आम्ही दोघी मिळून करतो, पण या वर्षी मी त्यांना न सांगताच गहू भिजवले. कुणावाचून माझं अडत नाही, हे सिद्ध करायचं होतं. कुणापुढे, ते विचारू नका.

गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात ओतताना एकीने ओतायचं आणि दुसरीने घाटायचं असतं. हात थांबला की गाठी झाल्याच. मी एका हाताने ओतत होते, दुसऱ्याने घाटत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊबाई फोनवर मुलाशी हसून बोलताना ऐकू आल्या. नव्या घरात त्यांची खोली कोणती, हे चाललं होतं. माझ्या आत काहीतरी उसळलं. नियम म्हणजे नियम. मी थांबले.

हातात लाकडी पळी, खाली गॅस मोठा, आणि मी नाव शोधतेय. संताप म्हणावं, तर जास्त होत होतं. चीड म्हणावं, तर कमी पडत होतं. जन्मभर शाळेत मुलींना इंग्रजी शिकवली, म्हणून इंग्रजीतलेही शब्द लावून पाहिले. एकही बसेना. मग जागा शोधली. राग माझ्या कपाळात चढतो, हे मात्र गळ्याखाली अडकलं होतं. काय हवंय म्हणून विचारलं, तर उत्तर लगेच आलं: ही बाई जायला नको. तो राग नव्हताच, भीती होती. या शोधावर मी इतकी प्रसन्न झाले की करपल्याचा वास मला सगळ्यांत शेवटी आला.

त्याआधी तो जाऊबाईंना आला होता. त्या गुडघे धरत मागच्या दाराने आत आल्या.

"काऊन वं, काय जळून राह्यलं?"

मी गॅस बंद केला आणि पद्धतीत बसेल असं वाक्य मनात जुळवू लागले. निघालं ते भलतंच. "तुम्ही गेलात तर मी चहा कोणाबरोबर पिऊ?"

त्यांनी पातेल्यातल्या गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग तवाच सांगाचं ना. तू म्हणे, निर्णय योग्य आहे. मले वाटलं, सुटली बिचारी माह्या कटकटीतून. म्हणून त मी हो म्हटलं पोराले."

शेगडी पुसायच्या आधी त्यांनी माझ्यासमोर मुलाला फोन लावला. गुडघे दाखवायला महिन्यातून एकदा येईन, राहायचं मात्र इथंच, असं सांगितलं. तो का म्हणून विचारत असावा.

"इथं एक शिकेल-सवरेल बाई रडून राह्यली," त्या म्हणाल्या.

धूर डोळ्यांत गेलाय, असं मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.