श्राद्धाची वेबसाइट

घरात वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "तिला सुतक लागतं का?"

मी नाही म्हटलं.

"मग काढ."

बाबा इथे गंगेकाठी, ब्रह्मा घाटावर, महाराष्ट्रातून येणाऱ्यांची श्राद्धं, पिंडदान, अस्थिविसर्जन करतात. आई त्यांना जेवू घालते आणि वरच्या खोल्यांत त्यांची राहण्याची सोय होते. पूर्वी आजोबा आले की पुढे नातूही आमच्याकडेच यायचा. आता नातू घरूनच फोनवर शोधतो, आणि त्याच्या फोनमध्ये आम्ही कुठेच नव्हतो. म्हणून मी शहरातल्या सिगरा भागातल्या एका वेब डिझायनर बाईंना घरी बोलावलं. त्यांनी आजवर लग्नाच्या हॉलांच्या वेबसाइट बनवल्या होत्या.

लॅपटॉप उघडून त्यांनी बाबांना विचारलं, "पंडितजी, आपका कस्टमर कौन है?"

"जिसके घर में कोई गया हो."

त्यांनी ते टाइप केलं. "उम्र?"

"जाने वाले की, या आने वाले की?"

त्यांनी तो रकाना रिकामा सोडला. मग खूश झालेल्या ग्राहकांचे दोन शब्द मागितले. बाबा म्हणाले, जिसके लिए करते हैं, वो कुछ बोलता नहीं. आतून आई म्हणाली, "जेवणाबद्दल बोलतात की!" त्यामुळे आमच्या वेबसाइटवर पिंडदानाच्या खाली अळूच्या भाजीची तारीफ आहे.

फोटोच्या वेळी बाबा हसायला तयार होईनात. शेवटी घाटावर उभं राहून नदीकडे बघताना त्यांचा फोटो काढला. होडी सुटून गेल्यासारखे दिसतात.

सगळं तयार झाल्यावर डिझायनर बाई म्हणाल्या, एक खोटं बुकिंग करून बघू या. बाबांनी साफ नकार दिला. जिवंत माणसाच्या नावानं श्राद्ध नोंदवायचं नाही, आणि गेलेल्याच्या नावानं खोटं तर मुळीच नाही. तेव्हा शेवटचं बटण कुणीच दाबून पाहिलं नाही. बाबांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर वेबसाइट सुरू झाली.

पहिला फोन सांगलीहून आला. वयस्कर बाईंचा आवाज होता.

"आईच्या अस्थिविसर्जनासाठी आत्ता नाव नोंदवलं. तुमच्या वेबसाइटनं माझ्यावर फुलं उधळली."

मला काही कळेना. "फुलं?"

"हो. गुलाबाच्या पाकळ्या. वर 'बधाई हो' असं लिहून आलं."

लग्नाच्या हॉलातून त्या पाकळ्या आमच्याकडे आल्या होत्या. मी माफी मागत सुटले. काय झालं ते बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन मागून घेतला.

"ताई, चूक आमची. आई आजारी होत्या का?"

"बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. मीच करत होते सगळं. भाऊ परदेशात असतो."

"मग दमला असाल. इथे आल्यावर आधी झोपा. विधी दुसऱ्या दिवशी करू."

त्या म्हणाल्या, "येते."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्या आल्या आणि चहाही न घेता झोपल्या. रात्री आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं, पण कुणाला उठवू दिलं नाही. सकाळी खाली आल्या तेव्हा त्यांच्या गालावर उशीचे वळ होते. नावेत बसताना त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, मुलीनं केलेलं चालतं ना?"

बाबा दर्भ मोजत होते. "आजवर तुम्हीच केलंत ना? मग आता दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं?"

त्यांनी आईच्या अस्थी गंगेत सोडल्या आणि हात बराच वेळ पाण्यातच ठेवला. नावाडी वल्हं आडवं धरून थांबला. घरी आल्यावर त्या पोटभर जेवल्या. पहिल्यांदा हसल्या त्या बाबांचा वेबसाइटवरचा फोटो आणि समोर बसलेले बाबा ताडून बघताना.

मी डिझायनर बाईंना पाकळ्या काढायला सांगितल्या. त्यांना इतकी लाज वाटली की स्वतः घरी येऊन त्यांनी त्या काढल्या. जाताना विचारलं, "इसकी जगह क्या लिखें?"

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आल्यावर आधी विश्रांती. विधी दुसऱ्या दिवशी."

आता बुकिंग केलं की एवढंच दिसतं. लोक फोन करून विचारतात, विश्रांती खरंच मिळते का? आई सांगते, मिळते, फक्त खिडकी लावून झोपा, माकडं आहेत.