फळीला तडा

सभागृहात तिला सगळे वहिनीच म्हणायचे. इमारतीचा मॅनेजर तिचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून वॉचमन म्हणायचा, आणि वयाने तिच्या आईएवढ्या असलेल्या झाडलोट करणाऱ्या मावशीही वहिनीच म्हणायच्या. तिचं काम पियानोचं. सूर लावायचे, तारा बदलायच्या, आतल्या हातोड्यांची लोकर झिजली की नवी बसवायची. हे ती वडिलांच्या हाताखाली शिकली होती आणि लग्नानंतरही तिने ते सोडलं नव्हतं.

घर एकत्र होतं. त्यामुळे दिवसभर इमारतीत झालेलं भांडण रात्री ताटावर पुन्हा सुरू व्हायचं.

भांडण हवेवरून होतं. कार्यक्रम असला की सभागृहाचा एसी सुरू व्हायचा आणि हवा कोरडी पडायची. कार्यक्रम संपला की एसी बंद, मग पुढच्या कार्यक्रमापर्यंत बंद दारांआड दमट हवा कोंडून राहायची. लाकूड दमटपणाने फुगायचं, कोरडेपणाने आकसायचं. पियानोचा सूर काही टिकत नव्हता.

"भाऊजी, मला गारवा नकोच आहे," ती म्हणायची. "हवा एकसारखी ठेवा, एवढंच म्हणतेय."

"इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातले लोक पंख्याखाली घाम पुसतायत आणि तुमच्या पियानोला दिवसरात्र एसी? उद्या म्हणाल, त्याला पांघरूण घाला."

"ते तर मी घालतेच."

सासूबाईंना हसू आवरलं नाही. दीर मात्र पान अर्धवट टाकून उठला. "इमारतीचं घरी नको, वहिनी."

"आणि घरचं इमारतीत नको. मग बोलायचं कुठे, जिन्यात?"

नवऱ्याने यात पडायचं केव्हाच सोडलं होतं. भाऊ एकीकडे, बायको दुसरीकडे. तो मुकाट जेवायचा.

मग एका मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती सूर लावायला बसली, तेव्हा खालच्या पट्टीतला एक स्वर कुरकुरला. पुन्हा वाजवला, तीच कुरकुर. ती टॉर्च घेऊन पियानोखाली आडवी झाली. तारांचा आवाज ज्या मोठ्या फळीतून घुमतो, त्या फळीवरून तिने बोट फिरवलं. एका जागी नख आत गेलं. तडा चांगला हातभर लांब होता.

ती तशीच पडून राहिली. आता संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं, तर ते पहिलं विचारणार, हवा कोण सांभाळत होतं? भाऊजींची नोकरी गेलीच समजा. आणि नाही सांगितलं, तर? लोकरीचा तुकडा दाबून कुरकुर तात्पुरती थांबवता आली असती. उद्याचा दिवस निघालाही असता. किंवा भरल्या सभागृहात, पाहुण्या वादक बाई वाजवत असताना...

ती उठली आणि थेट तळघरात, एसीच्या यंत्रांच्या खोलीत दिराकडे गेली. तिने सांगितलं तसा दिराचा चेहरा उतरला.

"उद्याचा दिवस निभावून न्या, वहिनी. पाया पडतो."

"आणि परवा?"

"परवाचं परवा. मागच्या वेळी थोडक्यात वाचलोय मी. आता कोणी वाचवणार नाही."

"मागच्या वेळी म्हणजे?"

तो तिला तळमजल्यावर वाचनालयामागच्या अरुंद वाटेत घेऊन गेला. भिंतीला लावलेली सैल लाकडी फळी त्याने ओढून बाजूला केली. मागे भिंतभर काळी बुरशी होती. वाचनालयाच्या आग्रहावरून त्याने एकदा तिथला एसी सलग चालू ठेवला होता. बाहेरच्या भिंतींना आतून घाम फुटला, बुरशी धरली आणि तिथली ग्रंथपाल बाई दम्याने आडवी झाली. खापर त्याच्यावर फुटलं होतं. तेव्हापासून सलग एसी म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

"मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही नुसतं सांगत होतात."

तिला ते लागलं. खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. मग दिरानेच विचारलं, "पियानोला जागा केवढी लागते? झाकून ठेवला तर?"

"रंगमंचावरून ढकलत नेता येईल एवढ्या अंतरावर, साधारण बैठकीच्या खोलीएवढी. का?"

"मोडक्या खुर्च्यांची खोली आहे ना मागे, तिची एकही भिंत बाहेरची नाही. घाम फुटायचा प्रश्नच नाही. सगळं सभागृह मला जमणार नाही, पण ती एक खोली जमेल. ओलावा ओढून घेणारं छोटं यंत्र बसवलं की झालं."

"जमेल," ती म्हणाली. "पण तडा मी लपवणार नाही, भाऊजी."

"मग माझं संपलंच."

"एकटे जाऊ नका. मी येते बरोबर."

अध्यक्ष भडकले. "चूक कोणाची, तेवढं सांगा!" त्यांनी टेबलावर हात आपटला.

"आमची दोघांची," ती म्हणाली. "आम्ही एकमेकांशी भांडत बसलो, तुमच्याकडे कोणीच आलं नाही. यांच्याजवळ बुरशीचं कारण होतं, माझ्याजवळ लाकडाचं. आज पहिल्यांदा दोन्ही एका जागी आली."

खोलीचा बेत अध्यक्षांनी ऐकून घेतला, पण हो म्हटलं नाही. "उद्याचं आधी बघा," एवढंच बोलले.

उद्याचं पाहुण्या वादक बाईंनीच सोडवलं. त्यांनी तो एक स्वर ऐकला आणि झाकण मिटलं. "सराव खोलीत छोटा, उभा पियानो आहे म्हणे. तो लावून द्याल?" वहिनीने दुपारभर मान वर न करता तो लावला. एवढ्या मोठ्या रंगमंचावर तो बापाचा कोट घातलेल्या पोरासारखा दिसत होता. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. बाईंनी हात ठेवले आणि कुजबुज थांबली. वहिनी पडद्याआड उभी होती. टाळ्या पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दिराची नोकरी राहिली, पण बढती गेली. त्याचं त्याला वाईट वाटलं, आणि काही दिवस तो घरात तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिनेही ओढून-ताणून बोलायचा प्रयत्न केला नाही. खोलीला होकार यायला फार वेळ गेला. आला तेव्हा मात्र मोडक्या खुर्च्या त्याने स्वतः बाहेर काढल्या. तड्यात तिने लाकडाची बारीक पट्टी बसवली. पियानो पूर्वीसारखा झाला नाही. तो खालचा स्वर किंचित मुका राहिला.

एका सुट्टीच्या दिवशी सगळे जेवत असताना वीज गेली. दिराने हातातला घास ताटात ठेवला.

"सभागृहातही गेली असेल. पियानोच्या खोलीतलं यंत्र बंद पडलं असेल," तो म्हणाला, आणि पायात चपला सरकवून निघाला. ती हात धुऊन त्याच्या मागोमाग जिना उतरली.